अवधानाचा जमाखर्च

वऱ्हाडातील कारंजा लाड हे गाव नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना परिचित आहे. अभ्यासकांना मात्र ते आणखी एका कारणासाठी ठाऊक आहे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन दिगंबर जैन परंपरांची मंदिरे येथे शतकानुशतके नांदली आणि त्यांच्या आश्रयाने संस्कृत, प्राकृत व अपभ्रंश हस्तलिखितांचे मोठे भांडार गावात जपले गेले. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांच्या सूचीत कारंज्याच्या पोथ्यांची नोंद आहे, आणि पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात अध्यापन करणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी या पोथ्यांच्या आधारे अपभ्रंशातील काही महत्त्वाचे ग्रंथ संपादित केले.

ही परंपरा ज्या ग्रंथाला मूलभूत मानते, त्या उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत, रोज एक याप्रमाणे, वाचण्याची दिगंबर समाजात प्रथा आहे. त्यातील नवव्या अध्यायात मनाच्या एकाग्रतेविषयी तीन नेमकी विधाने येतात. अनेक दिशांना धावणाऱ्या चिंतनाला आवर घालून ते एका विषयावर रोखणे म्हणजे ध्यान, हे पहिले. असे ध्यान उत्तम शरीरबांध्याच्या साधकालाच साधते आणि तेही अंतर्मुहूर्तापर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आतच टिकते, हे दुसरे. ध्यानाचे चार प्रकार असून त्यांपैकी आर्त आणि रौद्र हे दोन अहितकारक आहेत, म्हणजे मन एकाग्र झाले एवढ्याने ते चांगल्या कामी लागले असे ठरत नाही, हे तिसरे.

या सूत्रांत आजचे मेंदूविज्ञान आधीच सांगून ठेवले होते, असा दावा करणे ग्रंथावर आणि विज्ञानावर सारखाच अन्याय करणारे ठरेल; सूत्रकाराचे प्रयोजन कर्मनिर्जरेचे, म्हणजे साठलेली कर्मे झडवण्याचे होते, मज्जासंस्थेचे वर्णन करण्याचे नव्हते. तरीही एका विषयावर मन रोखताना कशाचा त्याग होतो, ते किती वेळ रोखता येते आणि ते कशावर रोखले आहे, हे या विधानांतून निघणारे तीन प्रश्न टाळून अवधानाचा विचार पुढे जात नाही. कवटीला छेद न देता, डोक्यावर ठेवलेल्या चुंबकीय वेटोळ्याने किंवा विजेच्या सौम्य प्रवाहाने मेंदूच्या कामात फेरफार करण्याचे जे संशोधन गेल्या चार दशकांत जगभर वाढले आहे, त्याची कसोटीही याच प्रश्नांवर लागते.

निवड आणि तिची किंमत

माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असतो, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा वापरते, तिच्यातील जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा खर्च करतो. त्यातील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी फारच थोड्यांना एका वेळी जोरकसपणे काम करता येते, कारण तेवढीच ऊर्जा उपलब्ध असते. डोळे, कान आणि त्वचा यांच्याकडून येणाऱ्या माहितीपैकी कोणती पुढे न्यायची आणि कोणती वाटेतच मंद करायची, याची निवड त्यामुळे मेंदूला सतत करावी लागते, आणि या निवडीलाच मानसशास्त्रात अवधान म्हणतात. मायकेल पोस्नर आणि स्टीव्हन पीटरसन यांनी १९९० मध्ये मांडलेल्या, आजही आधारभूत मानल्या जाणाऱ्या विवेचनानुसार अवधान ही एकसंध शक्ती नसून तिची तीन स्वतंत्र कामे आहेत: जागरूक राहणे, योग्य दिशेला वळणे, आणि परस्परविरोधी ओढींमधून एकीला प्राधान्य देणे. मेंदूतील तीन वेगवेगळी जाळी ही कामे सांभाळतात. त्यामुळे 'एकाग्रता कमी झाली' या एका तक्रारीमागे तीन निराळे बिघाड असू शकतात.

निवडीची किंमत किती मोठी असते, हे डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांच्या १९९९ मधील प्रयोगाने दाखवले. चित्रफितीतील खेळाडू चेंडू किती वेळा एकमेकांकडे देतात ते मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी जवळजवळ निम्म्यांना, खेळाडूंच्या मधोमध येऊन छाती बडवून गेलेला गोरिलाच्या वेशातील माणूस दिसलाच नाही. त्यांच्या डोळ्यांत दोष नव्हता. मोजणीकडे वळवलेले अवधान इतरत्रून काढून घेतलेले होते, एवढेच.

मेंदूला इजा झाली की हाच व्यवहार अधिक उघडा पडतो. उजव्या गोलार्धाच्या पार्श्विका खंडात, म्हणजे डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात, पक्षाघाताचा आघात झालेल्या काही रुग्णांना डावीकडची दृष्टी शाबूत असूनही डावी बाजू जाणवेनाशी होते. अशा रुग्णापुढे रीतसर वाढलेले ताट ठेवले, तर उजवीकडची भाजी तो संपवतो आणि डावीकडचे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर जशीच्या तशी राहते. ताट अर्ध्या फेऱ्याने फिरवून ठेवले की मात्र तीच कोशिंबीर तो आवडीने खातो, कारण आता ती उजवीकडे आलेली असते. मार्सेल किन्सबोर्न यांनी याचे स्पष्टीकरण असे दिले की दोन्ही गोलार्ध अवधान आपापल्या विरुद्ध बाजूला खेचत असतात आणि एकमेकांना आवरतही असतात. एक दुबळा झाला की दुसऱ्याची ओढ बेलगाम होते. रुग्णाचे अवधान येथे संपलेले नसते, ते एका बाजूला कलंडलेले असते.

काळाच्या अंगानेही अवधानाला मर्यादा आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणारे सैनिक काही वेळाने खुणा चुकवू लागत, म्हणून नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक साधे घड्याळ तयार केले, ज्याचा काटा ठरावीक टप्प्यांनी पुढे सरके आणि क्वचित एखादा टप्पा गाळून दुप्पट उडी घेई. दोन तास त्याकडे पाहत राहून ती उडी टिपायची, एवढेच काम होते. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या अर्ध्या तासातच टिपण्याचे प्रमाण लक्षणीय घसरले, आणि मध्ये थोडी विश्रांती मिळाली की ते पुन्हा सुधारले. सप्ताहात गुरुचरित्राचे पारायण करणाऱ्यालाही याचा अनुभव येतो: डोळे ओव्यांवरून बिनचूक सरकत असतात, ओठ हलत असतात, आणि अध्याय संपताना लक्षात येते की मन मधली दोन पाने सोयाबीनच्या भावात अडकले होते. मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वर्णन केलेले मेंदूचे एक जाळे बाहेरचे काम सुरू असताना शांत होते आणि मन स्वतःच्या विचारांत रमले की सक्रिय होते. वाचकाचे मन भावात अडकते तेव्हा या जाळ्याचा जोर वाढलेला असतो. पारायणाला ठरलेली वेळ, ठरलेले आसन आणि हलका आहार यांची जोड परंपरेने दिली, ती मनाची ही घसरण गृहीत धरूनच असावी.

मेंदूतील वीज आणि तिचे वाचन

चेतापेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म बदलांतून व्यवहार करतात. प्राण्यांच्या मेंदूवरील असे प्रवाह रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये नोंदवले होते. माणसाच्या डोक्यावरून, कवटी न उघडता, ते टिपण्याचे काम जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये केले आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. या तंत्राला इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफी, संक्षेपाने ईईजी, म्हणतात. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागावर सेकंदाला आठ ते तेरा आवर्तनांची एक लय दिसते आणि डोळे उघडताच ती ओसरते, हे बर्गर यांनीच पाहिले आणि तिला अल्फा हे नाव दिले.

अल्फा म्हणजे निष्क्रिय मेंदूची लय, असे बराच काळ मानले गेले. पुढे असे आढळले की माणसाला नजर न हलवता केवळ मनाने डावीकडे लक्ष द्यायला सांगितले, तर डावीकडचे पाहणाऱ्या उजव्या गोलार्धात अल्फा घटते आणि ज्या गोलार्धाचे त्या वेळी काम नसते, तेथे ती वाढते. नको असलेली माहिती अडवणे हे अल्फाचे एक काम असावे, असा निष्कर्ष आज बहुतेक संशोधक त्यावरून काढतात. आलेखावर ती नुसती रेघांची वळणे दिसत असली, तरी त्यांत कशाला दार उघडे आहे आणि कशाला बंद, याचा ढोबळ पत्ता असतो.

हा पत्ता ढोबळच असतो, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. डोक्यावर मिळणारे संकेत काही दशक मायक्रोव्होल्टचे, म्हणजे व्होल्टच्या लक्षांशाच्या घरातले असतात; पापणीची एक उघडझाप किंवा कपाळाचे आक्रसणे त्याहून कितीतरी मोठी वीज निर्माण करते. प्रयोगशाळेत डझनावारी विद्युतअग्रे, म्हणजे इलेक्ट्रोड, प्रवाहवाहक जेल लावून बसवतात आणि नंतर पापण्यांचे व स्नायूंचे संकेत गणिताने वजा करतात. कपाळाला लावायची एकच पट्टी 'एकाग्रतेचे गुण' दाखवते तेव्हा त्या गुणांत मेंदूचा वाटा किती आणि भुवयांचा किती, हे घरच्या वापरात सांगणे कठीण असते.

लोणावळ्याचे प्रयोग

ध्यान आणि अवधान यांची उपकरणांनी तपासणी करण्याच्या भारतातील प्रयत्नांना महाराष्ट्रातून मोठी चालना मिळाली. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे अमळनेरला शिक्षणकार्य करत असतानाच योगक्रियांचे शरीरावरील परिणाम मोजण्याच्या विचाराने झपाटले होते. बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांनी पाहणी केल्यानंतर त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे शोधनियतकालिक सुरू केले. योगाचे फल श्रद्धेने मान्य करण्यापेक्षा ते मोजून पाहावे, हा त्यांचा आग्रह त्या काळात श्रद्धावान आणि संशयवादी अशा दोन्ही बाजूंना अवघडवणारा होता.

कैवल्यधामात शिकून गेलेले येल विद्यापीठातील संशोधक के. टी. बेहानन यांचे १९३७ मधील पुस्तक या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. त्यांनी स्वतःवर प्राणायामाचे प्रयोग केले, प्राणवायूचा वापर मोजला आणि बेरजा करणे, रंगांची नावे सांगणे, अक्षरांच्या जागी ठरलेली चिन्हे लिहिणे अशा कामांचा वेगही तपासला. प्राणायामानंतर या कामांचा वेग वाढण्याऐवजी मंदावलेला आढळला, आणि योगाविषयी आत्मीयता असूनही बेहानन यांनी तो आकडा लपवला नाही. बाहेरच्या कामापासून मन काढून घेणे हे ज्या क्रियेचे प्रयोजन आहे, तिच्यानंतर बाहेरच्या बेरजा मंदावल्या तर त्यात विसंगती नाही, असे त्यावरून म्हणता येते. पण प्राणायामाने 'बुद्धी तल्लख होते' या सरसकट विधानाला तो आकडा तेव्हाही आधार देत नव्हता.

पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी १९६१ मध्ये योग्यांच्या मेंदूचे आलेख प्रसिद्ध केले. समाधीत बसलेल्या योग्यांपुढे प्रखर प्रकाश टाकला, आवाज केला किंवा तापवलेली काचनळी त्वचेला लावली, तरी त्यांची अल्फा लय मोडली नाही, अशी त्यांची नोंद आहे. पाच वर्षांनी जपानच्या कासामात्सु आणि हिराई यांनी झेन साधकांविषयी याच्या उलट चित्र मांडले: एकच टिकटिक पुन्हा पुन्हा ऐकवली, तरी त्यांचा मेंदू दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा प्रतिसाद देत होता. एका साधनेत जगाला दार बंद, दुसऱ्या साधनेत प्रत्येक आवाजाला दार उघडे, असा हा भेद अनेक वर्षे पुस्तकांतून फिरत राहिला. परंतु १९८१ मध्ये बेकर आणि शापिरो यांनी दोन्ही परंपरांच्या साधकांना एकाच प्रयोगात घेऊन पाहिले, तेव्हा त्यांना असा भेद आढळला नाही. मोजक्या साधकांवरील निरीक्षणांतून मोठा सिद्धांत उभारण्यातला धोका या प्रकरणाने दाखवून दिला, आणि मेंदू-उद्दीपनाच्या क्षेत्राला तोच धडा पुढे पुन्हा गिरवावा लागला.

बाहेरून दिलेला धक्का

आलेख काढणे म्हणजे मेंदू काय करतो ते पाहणे. उद्दीपन म्हणजे त्यात हस्तक्षेप करणे. त्याच्या दोन पद्धती सर्वाधिक वापरात आहेत. पहिली ट्रान्सक्रॅनिअल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, संक्षेपाने टीएमएस. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये सिद्ध केले होते. अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे त्याच तत्त्वाने, डोक्याजवळ धरलेल्या वेटोळ्यातून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडून, मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे वरच्या थरात, वीज उत्पन्न करून दाखवली. हे चुंबकीय क्षेत्र एक-दोन टेस्लाचे, म्हणजे एमआरआय यंत्राच्या तोडीचे असते, पण ते सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकते आणि वेटोळ्याखालच्या दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच प्रभावीपणे पोहोचते. कवटीचे हाड विजेला अडवते, चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही, हे या पद्धतीचे मर्म आहे.

दुसरी पद्धत ट्रान्सक्रॅनिअल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन, म्हणजे टीडीसीएस. तिच्यात डोक्यावर दोन ओलसर स्पंज ठेवून एक-दोन मिलीअँपिअरचा एकदिश प्रवाह सुमारे वीस मिनिटे सोडतात. गॉटिंगेन येथील मायकेल निट्शे आणि वाल्टर पॉलुस यांच्या २००० मधील निबंधाने ही पद्धत नव्याने चर्चेत आणली. टीएमएसचा स्पंद चेतापेशीला प्रत्यक्ष पेटवतो. टीडीसीएसचा प्रवाह तेवढा सबळ नसतो, तो पेशीला पेटण्याच्या थोडे जवळ किंवा थोडे दूर नेतो, आणि ती पेटणार की नाही हे त्या वेळी चालू असलेल्या कामावर अवलंबून राहते. शिवाय त्यातला फार मोठा भाग मेंदूपर्यंत पोहोचतच नाही: मृतदेहांवर मोजमाप करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार डोक्यावर दिलेल्या प्रवाहापैकी सुमारे तीन-चतुर्थांश त्वचा, स्नायू आणि हाड यांतच विरतो.

अवधानाच्या संदर्भात या पद्धतींनी दिलेला सर्वांत बोलका निष्कर्ष २००१ चा आहे. क्लाउस हिल्गेटाग, ह्युगो तेओरे आणि अल्व्हारो पास्क्वाल-लिओन यांनी निरोगी व्यक्तींच्या उजव्या पार्श्विका खंडावर मंद गतीचे चुंबकीय स्पंद देऊन तो भाग काही मिनिटांपुरता थोपवला. अपेक्षेप्रमाणे डावीकडचे ठिपके टिपण्यात त्यांच्याकडून अधिक चुका झाल्या; पण उजवीकडचे ठिपके त्यांनी आधीपेक्षा चांगले टिपले. किन्सबोर्न यांनी रुग्णांवरून बांधलेली गोलार्धांच्या रस्सीखेचीची कल्पना येथे निरोगी मेंदूत पडताळली गेली. रोमेई, ग्रॉस आणि थुट यांनी २०१० मध्ये आणखी पुढची पायरी गाठली: सेकंदाला दहा, म्हणजे नेमक्या अल्फाच्या गतीने, स्पंद दिले की विरुद्ध बाजूचे दिसणे खालावले आणि त्याच बाजूचे सुधारले, पाच किंवा वीसच्या गतीने दिले, तर तसे झाले नाही. अल्फा ही लय नुसती अवधानाची सोबतीण नसून त्याच्या कारणांपैकी एक आहे, याचा हा सबळ पुरावा मानला जातो.

दोन्ही प्रयोगांत लाभ झाला, पण दोन्हींत तो दुसऱ्या बाजूच्या तोट्याने भरून दिलेला होता. ऑक्सफर्डमधील तेरेसा युकुलानो आणि रॉय कोहेन कदोश यांनी २०१३ मध्ये हेच शिक्षणाच्या बाबतीत दाखवले. नव्या चिन्हांना अंकांची किंमत शिकताना पार्श्विका भागावर विद्युतप्रवाह दिलेल्या गटाने ती चिन्हे लवकर आत्मसात केली, परंतु शिकलेले आपोआप, विचाराविना वापरण्यात तो गट मागे पडला. कपाळामागच्या अग्रखंडावर प्रवाह दिलेल्या गटात नेमके उलटे घडले. डोक्याची एक क्षमता वाढवताना दुसरी खर्ची पडू शकते, आणि ती कोणती हे आधी ठाऊक नसते.

अर्थात लाभ होतोच, असेही नाही. निरोगी माणसांवर एकदाच दिलेल्या टीडीसीएसच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा जॅरेड हॉर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये घेतला, तेव्हा स्मृती, भाषा किंवा निर्णयक्षमतेवर भरवशाचा परिणाम त्यांना आढळला नाही. या आढाव्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले आणि वाद मिटलेला नाही. मात्र परीक्षेच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्याने डोक्याला पट्टी बांधून अभ्यास वाढवावा, एवढा पुरावा कोणत्याच बाजूकडे नाही.

दुःखात रुतलेले अवधान

आजाराच्या बाबतीत चित्र वेगळे आहे, आणि येथे 'कशावर' हा तिसरा प्रश्न निर्णायक ठरतो. तत्त्वार्थसूत्रातील आर्तध्यानाचे चार विषय असे: नकोसे वाट्याला येणे, हवेसे हिरावले जाणे, शारीरिक वेदना, आणि न मिळालेल्या भोगांची आस. तीव्र नैराश्याचा रुग्ण एकाग्र होऊ शकत नाही असे घरचे म्हणतात, पण पुष्कळदा त्याचे अवधान एकाच गोष्टीवर, झालेल्या हानीवर आणि स्वतःच्या दोषावर, इतके घट्ट रुतलेले असते की वर्तमानपत्राचा मथळाही डोक्यात शिरत नाही. मेंदूच्या प्रतिमांत अशा रुग्णांच्या डाव्या अग्रखंडाचा वरचा-बाहेरचा भाग अनेकदा मंद आढळतो, आणि मन स्वतःकडे वळवणाऱ्या जाळ्याशी त्याचा समतोल बिघडलेला असतो.

या भागावर वारंवार चुंबकीय स्पंद देण्याच्या उपचाराला, म्हणजे आरटीएमएसला, अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी मान्यता दिली. प्रत्यक्ष उपचारात रुग्ण जागा असतो आणि खुर्चीत टेकून बसलेला असतो. डॉक्टर इंग्रजी आठच्या आकाराचे वेटोळे प्रथम हाताच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागावर धरतात आणि उजव्या हाताचा अंगठा किंचित उडेपर्यंत जोर वाढवत नेतात. त्या रुग्णासाठी किती जोर पुरेसा आहे, याचे ते माप असते. मग वेटोळे काही सेंटिमीटर पुढे सरकवून उपचार सुरू होतो. प्रचलित पद्धतीत सेकंदाला दहा या गतीने चार सेकंद स्पंद आणि सव्वीस सेकंद विश्रांती असे चक्र साडेसदतीस मिनिटे चालते. त्यात तीन हजार स्पंद होतात. आठवड्याला पाच दिवस याप्रमाणे चार ते सहा आठवडे हा क्रम ठेवतात. सुमारे तीन मिनिटांत सहाशे स्पंद देणारी नवी पद्धत जुन्या पद्धतीहून कमी गुणकारी नाही, असे २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत दिसून आल्याने वेळ बराच वाचू लागला आहे. टाळूवर टकटक जाणवणे आणि डोके दुखणे हे नेहमीचे त्रास. फिट येण्याचा धोका अगदी क्वचित असतो, पण म्हणूनच अपस्माराचा इतिहास किंवा डोक्यात धातूचे रोपण असणाऱ्यांची आधी कसून चौकशी होते.

आपल्याकडे या उपचाराचे नाव काढताच 'शॉक' हा शब्द पुढे येतो आणि कुटुंब बिचकते. दोन्ही गोष्टी निराळ्या आहेत. विद्युतकंप उपचारात, म्हणजे ईसीटीमध्ये, मेंदूत मुद्दाम झटका आणला जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय करण्यास मनाई केली आहे. आरटीएमएसला भूल लागत नाही आणि झटका येऊ न देणे हीच त्यातली दक्षता असते. भारतात बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजे निम्हान्सने, या पद्धतींवर भरीव काम केले असून स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना ऐकू येणाऱ्या आवाजांवर टीडीसीएसचा उपयोग होतो का, याचाही तेथे अभ्यास झाला आहे. महाराष्ट्रात आरटीएमएसची सोय प्रामुख्याने मोठ्या शहरांतील रुग्णालयांत आहे. सहा आठवड्यांपर्यंत जवळजवळ रोज तेथे जाणे कारंजा ज्यात आहे त्या वाशीम जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाला सोपे नाही. नैराश्याची पहिली दखल घेण्याची व्यवस्था मात्र जवळ आहे: विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात वाशीमचा समावेश आहे, आणि २०२२ पासून टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. बहुतेक रुग्णांना समुपदेशन आणि औषधांनी गुण येतो. यंत्राचा विचार त्यानंतरचा.

लहान मुलांच्या अवधानदोषाबाबत सावधगिरी अधिकच हवी. कपाळावरच्या मज्जातंतूला रात्री झोपेत सौम्य वीज देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत २०१९ मध्ये परवानगी मिळाली, ती अवघ्या ६२ मुलांवरील चार आठवड्यांच्या चाचणीवर. अशा एका परवानगीच्या बातमीवरून वाढत्या वयाच्या मुलाच्या डोक्याला उपकरण लावण्यापेक्षा त्याची झोप, ऐकू येणे, चष्म्याचा नंबर आणि वर्गातील अडचण तपासून घेणे अधिक शहाणपणाचे.

घरगुती यंत्रांचा प्रश्न

नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन स्पंज एवढ्यात टीडीसीएसचे उपकरण तयार होते, म्हणून घरीच ते करून पाहणाऱ्यांची संख्या परदेशात वाढली आणि ऑनलाइन बाजारातून तयार पट्ट्याही मिळू लागल्या. मेंदू-उद्दीपनाचे काम करणाऱ्या संशोधकांच्या एका गटाने २०१६ मध्ये खुल्या पत्राद्वारे इशारा दिला की स्पंजाखालच्या भागापलीकडेही परिणाम पोहोचतो, तो दीर्घकाळ टिकू शकतो, प्रवाहाच्या वेळेत किंवा जागेत थोडा बदल झाला तरी तो उलटू शकतो आणि दोन व्यक्तींत तो सारखा नसतो. रुग्णाच्या बाबतीत हा धोका पत्करण्याला कारण असते, कारण आजाराने होणारे नुकसान त्याहून मोठे असते आणि उपचारावर डॉक्टरांची नजर असते. निरोगी माणसाच्या पारड्यात असे काही नसते.

या क्षेत्राचे पुढचे संशोधन आता मेंदूचा आलेख त्या क्षणी वाचून, योग्य लय दिसताच स्पंद देणाऱ्या यंत्रांकडे वळले आहे, कारण एकच उद्दीपन कामात असलेल्या आणि सुस्तावलेल्या मेंदूवर वेगळे परिणाम करते, हे पुरेसे स्पष्ट झाले आहे. त्यातून उपचार अधिक नेमके होतील, अशी अपेक्षा रास्त आहे. परंतु ठिपके टिपण्यापासून अंक शिकण्यापर्यंतच्या प्रयोगांत आजवर दिसले ते असे की अवधानात जमा झाले तेथे पुष्कळदा दुसरीकडे खर्चही पडला. म्हणून एकाग्रता वाढवण्याची हमी देणाऱ्याला किती वाढेल हे विचारण्याआधी, कशातून वजा होईल आणि ते कोणी मोजून पाहिले आहे, हे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याचे यंत्र विकत घेण्याजोगे नाही.